ग्रहाआड गेलेला तारा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. मँगनीजच्या खाणीचा भोंगा आणि तुमसर रोडची गाडी यांवर तिरोडीची घड्याळे लागत; गुरुजी मात्र स्वतःच्या घड्याळाप्रमाणे रोज सकाळी पर्जन्यमापकाजवळ उभे असत. मोजलेला आकडा पटला नाही, तरी ते तो खोडीत नसत. पुढे केवळ प्रश्नचिन्ह काढीत. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचे, तर अशाच एका प्रश्नचिन्हाविषयी बोलावे असे मला वाटले.

चंद्र कधीकधी रोहिणीला झाकतो. यालाच पिधान म्हणतात. एखादा दूरचा ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हाही हेच घडते. पण ग्रहाचे बिंब इवलेसे, म्हणून असा योग विरळा. तारा इतका दूर असतो, की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि ग्रहाएवढीच रुंद सावली पृथ्वीवरून सरकत जाते. ग्रहाभोवती वायू असेल तर तारा हळूहळू मावळतो, नसेल तर एकदम विझतो. निरीक्षकाने करावयाचे एवढेच, की ताऱ्याचा प्रकाश आणि काळ यांची अखंड नोंद ठेवायची.

पंचांगवाले ज्याला हर्षल म्हणतात तो युरेनस 10 मार्च 1977 रोजी तूळ राशीतील एका मंद ताऱ्यासमोर येणार, हे भाकीत ग्रीनिच वेधशाळेचे गॉर्डन टेलर यांनी 1973 मध्येच केले होते. आपल्याकडे तेव्हा 11 तारखेची उत्तररात्र होती. देशात निवडणुकीची धामधूम. मतदान आठवड्यावर आलेले. मी तर गाढ झोपलो होतो. पण आपल्याच रेखांशावर, एका अंशाहूनही कमी फरकाने, तामिळनाडूतील जवादी टेकड्यांमध्ये कवलूरची वेधशाळा आहे. तेथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी 102 सेंटिमीटरच्या दुर्बिणीपाशी जागे होते. अडीचशे कोटी किलोमीटरांहून दूर असलेला तो ग्रह ताऱ्याजवळ पोचण्यापूर्वीच ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद खाली गेला आणि पुन्हा वर आला.

ढग म्हणावा, तर आकाश निरभ्र. यंत्राचा दोष म्हणून ती नोंद बाजूला टाकणे सोपे होते. त्यांनी ती टाकली नाही. युरेनसला आणखी एक उपग्रह असावा, असा अर्थ लावून त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला.

हा अर्थ चुकीचा ठरला. त्याच रात्री हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर, दुर्बीण बसवलेल्या एका विमानातून जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक हेच पिधान पाहत होते. त्यांनी नोंद बरीच आधी सुरू करून नंतरही चालू ठेवली होती. पिधानापूर्वी तारा पाच वेळा मंदावला. पिधानानंतर उलट क्रमाने, तितक्याच अंतरांवर, पुन्हा पाच वेळा. उपग्रह असे दोन्ही बाजूंना जोडीने उभे राहत नाहीत. ती कडी होती! त्यांनाही हे पहिल्या क्षणी उमगले नव्हते. शनीखेरीज दुसऱ्या ग्रहाला कडी असल्याचे असे प्रथमच सिद्ध झाले.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. भट्टाचार्यांनी आपली आलेखपट्टी पुन्हा उलगडली, वेणू बाप्पूंसमवेत ती नव्याने तपासली, आणि त्याच वर्षी, त्याच 'नेचर'मध्ये, शनीसारख्या कड्यांविषयीचा दुसरा लेख दिला. पट्टी तीच होती. पहिल्या रात्री कोणी हात आखडता घेऊन ती 'स्वच्छ' केली असती, तर दुसऱ्यांदा तपासायला काय उरले असते? आपल्याकडे चुकलेला माणूस बहुधा गप्प बसतो. म्हणून हे मुद्दाम सांगितले. 1986 साली व्हॉयेजर 2 युरेनसजवळून गेले आणि त्याने ही कडी प्रत्यक्ष टिपली. आज तेरा कडी ज्ञात आहेत.

हे तंत्र जुने झालेले नाही. 6 जून 2020 रोजी नैनितालजवळच्या देवस्थळ येथून प्लूटोने केलेले पिधान नोंदवले गेले. त्या विरळ वातावरणाचा दाब आपल्या हवेच्या ऐंशी हजारांहून अधिक पटींनी कमी भरला.

गुरुजींची पर्जन्यवही अजून शाळेच्या कपाटात आहे, असे आज सकाळी मुख्याध्यापकांकडून कळले. व्याख्यानानंतर ती पाहण्याची परवानगी मी मागितली आहे.