माणिक गेलं, अंगठी राहिली

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका रहिवाशाने अनुभवाच्या एखाद्या विषयावर बोलावे, असे कमिटीने ठरवले होते. त्यानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

सेक्रेटरींनी मला विचारलं, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, "अंगठीतल्या खड्यावर." त्यांना वाटलं, मी आता राशी सांगणार! तसं काही नाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण माझ्या स्वतःच्या बोटातल्या अंगठीबद्दल मला किती कमी माहिती होती, ते मला पन्नाशीत कळलं. ती गोष्ट आज सांगते. आपल्या ए विंगच्या पहिल्या तीन मजल्यांवरच्या जुन्या लोकांना ती अर्धी माहीत आहे, कारण त्या दिवशी ते सगळे माझ्या स्वयंपाकघरात होते. उरलेली अर्धी आजवर घराबाहेर सांगितली नव्हती.

आम्ही इथे राहायला आलो, त्याच्या चौथ्या वर्षीची गोष्ट. गौरी जेवायच्या दिवशी सकाळी मी पुरणपोळीची कणीक मळत होते. बोटात सासूबाईंची अंगठी. साधी, पिवळ्या सोन्याची, मधोमध लंबगोल लाल माणिक. सासरे रेल्वेत कारकून होते. लग्नानंतर पाचव्या वर्षी त्यांनी ती अंगठी आणि जोडीच्या कुड्या आईंना करून दिल्या होत्या, सराफाचे पैसे चार महिने पगारातून फेडून. "बर्माचं माणिक आहे," असं ते सगळ्यांना सांगायचे. ते गेल्यावर आईंनी अंगठी माझ्या बोटात घातली. म्हणाल्या, "माझी बोटं आता सुजतात. तू घाल, पेटीत ठेवू नकोस."

हात धुतले, आणि बघते तर अंगठीच्या मधोमध नुसतं भोक!

पुढचे तीन तास काय झालं ते जुन्यांना आठवत असेल. समोरच्या काकूंनी सगळी कणीक बोटांनी चाचपून पुन्हा मळली. खालच्या वहिनींनी पिठाचा डबा चाळला. कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी केली. आपल्या प्लंबरने सिंकखालचा ट्रॅप उघडला, त्यातून एक चमचा, दोन बटणं आणि कुणाचा तरी दुधाचा दात निघाला. माणिक नाही. जेवायला बसलेल्यांना मी सांगत होते, "सावकाश चावा हं." तेव्हा माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मोहच्या कठीणपणाच्या मापात माणिक 9 वर आणि दाताचं एनॅमल 5 च्या आसपास. म्हणजे पोळीत माणिक सापडलं असतं तर तुटला असता तो दात!

रात्री घरातले दिवे बंद करून यांनी टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवला. हरवलेला खडा शोधायची ही खरंच चांगली पद्धत आहे, उजेड आडवा पडला की बारीकसा खडाही चमकतो. पण काही चमकलं नाही.

आई दिवसभर काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गौरी-गणपती उरकल्यावर मी पहिल्यांदा एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने अंगठी तराजूवर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, मोडीत घाला, नवीन डिझाइन घ्या." मी उठले. मग एका मैत्रिणीने झवेरी बाजारातल्या एका कारागिराचं नाव सुचवलं. मशीद स्टेशनला उतरून, गल्लीबोळ विचारत, तीन जिने चढून गेले. मूळचे बंगालचे, चाळीस वर्षं मुंबईत, मोडकंतोडकं पण गोड मराठी. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "ताई, खडा पडला नाही. नखं झिजली."

खड्याला वरून धरून ठेवणारी सोन्याची बारीक टोकं असतात ना, ती. बावीस कॅरेटचं सोनं मऊ. त्यावर वर्षानुवर्षं भांडी, राख, चिंच, पावडर, कणीक. दोन टोकं कागदासारखी पातळ झाली होती आणि एक वाकून वर आलं होतं. मला आठवलं, महिनाभर साडीचा पदर त्या अंगठीत अडकत होता. मी तो सोडवायचे आणि पुढे जायचे. तो इशारा होता, मला तो कळला नाही.

मग त्यांनी विचारलं, "जोडीचं काही आहे?" कुड्या मी पर्समध्ये नेल्याच होत्या, रंग जुळवायला. त्यांनी एक कुडी भिंगाखाली धरली, बराच वेळ फिरवली, आणि भिंग माझ्या हातात दिलं. "बघा, आत रेषा दिसतात? सरळ की वाकड्या?" मी पाहिलं. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक, गोलाईदार रेषा. आणि एकदोन हवेचे बुडबुडे.

"हे माणिकच आहे, ताई," ते म्हणाले, "पण खाणीतलं नाही. मशीनमधलं."

मंडळी, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण पुढचं त्यांना सांगावंच लागलं नाही, मला ते येत होतं. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यात क्रोमियमचा लवलेश, तोच लाल रंग देतो. ओगुस्त व्हर्न्यूल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ते भट्टीत बनवायची रीत जाहीर केली. वरून पूड शिंपडायची, ती हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्वाळेतून पडताना 2000 अंशांच्या वर तापून वितळते आणि खाली थेंबाथेंबाने गोळा वाढत जातो. गोळ्याचं डोकं गोलाईदार, म्हणून आत थरही गोलाईदार. जमिनीखाली वाढलेल्या माणकात या रेषा सरळ किंवा कोनात असतात. रासायनिक घटक तेच, कठीणपणा तोच, पण जन्म वेगळा. आपल्या सगळ्यांच्या घरात असायची ना एचएमटीची घड्याळं, डायलवर '17 ज्वेल्स' लिहिलेली? ती ज्वेल्स म्हणजे हीच यंत्रातली माणकं. हे मी वर्गात शिकवत होते, आणि बोटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं!

अर्थात अंगठीतला खडा हरवलेला होता, त्याची परीक्षा आता होणार नव्हती. पण त्याच सराफाकडून, त्याच दिवशी, जोडी म्हणून घेतलेलं. अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

कारागिराने तीन वाटा सांगितल्या. एक, खाणीतलं, रंग न वाढवलेलं माणिक. त्या आकारात त्याची किंमत ऐकून मी खुर्ची धरली. दोन, खाणीतलंच पण तापवून रंग सुधारलेलं. बाजारातली बहुतेक माणकं अशीच असतात आणि सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. तीन, यंत्रातलं, कुड्यांना जुळणारं, काही शे रुपयांत. आणि एक चौथा खडा डब्यातून काढून दाखवला, मोठा, लालभडक, स्वस्त. "हा घेऊ नका." त्याच्या भेगांत काच भरलेली होती. दिव्याखाली हलवला की आत निळसर चमक मारत होती. असा खडा अंगठीत असताना कुणी सोन्याला डाग द्यायला आच लावली, किंवा घरी नुसता लिंबाचा रस बराच वेळ लागला, तरी आतली काच खराब होते.

घरी आल्यावर आमच्यात वाद झाला. हे म्हणाले, "बाबांना फसवलं गेलं. आता आपण खरं बर्माचं बसवू. एफडी मोडू. आईला काही सांगायचं नाही." मला ते पटेना. खोट्याच्या जागी खरं बसवून वर ते लपवायचं, म्हणजे पुन्हा एक खोटंच. पण 74 वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्याची भेट बनावट होती हे सांगायचं कुणी? आणि कशासाठी? दोन रात्री मी झोपले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई भाजी निवडत होत्या, तेव्हा सांगून टाकलं. सगळं. रेषा, बुडबुडे, भट्टी. त्यांनी गवार मोडणं थांबवलं नाही. मग म्हणाल्या,

"चार महिने ते दुपारचा चहा प्यायले नाहीत गं. ते चार महिने तर खरे होते ना?"

थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांना कळलं नाही ते बरं झालं. पण मला सांगितलंस ते बरं केलंस. आता जसं होतं तसंच बसव. एफडी मोडलीत तर मी ती अंगठी हातात घेणार नाही."

तेव्हा तसंच बसवलं. कारागिराने नखांना नवं सोनं चढवलं, कुडीच्या रंगाला जुळणारा खडा शोधला. आज ती माझ्या बोटात आहे, बघा. आणि एक गोष्ट मी केली. अंगठीच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे. मूळ खडा कधी हरवला, नवा कधी बसवला, तो यंत्रातला आहे, कुड्यांतले खडेही तसेच आहेत, आणि अंगठी कुणी, कशी, कोणते चहा वाचवून केली. माझ्या सुनेला कधी भिंगाखाली रेषा दिसल्या, तर तिला धक्का बसायला नको.

आता तुमच्या उपयोगाचं थोडं. भाषणानंतर सगळ्या मला हेच विचारणार, म्हणून आत्ताच सांगते.

खडा बदलताना कॅरेटवर जाऊ नका, मिलिमीटरवर जा. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, खड्याचं कॅरेट म्हणजे वजन, 200 मिलिग्रॅम. माणिक हिऱ्यापेक्षा जड, म्हणून त्याच कॅरेटचं माणिक आकाराने लहान दिसतं आणि हिऱ्याच्या घरात सैल बसतं. रत्तीत सांगितलं तर कॅरेटमध्ये विचारा, रत्तीचं वजन सगळीकडे एकच धरत नाहीत.

अंगठी दुकानात ठेवण्याआधी पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा. एकूण वजन आणि खडा सोडून वजन, दोन्ही लिहून घ्या. खडा बसवून झाल्यावर बिलावर तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: खडा खाणीतला की यंत्रातला, त्यावर काही प्रक्रिया केली आहे का, आणि त्याचं वजन. भारी खडा असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. मागायला लाजू नका.

मोती, पोवळं, ओपल, फिरोजा यांना आच चालत नाही. अंगठी लहानमोठी करायची तर ते आधी काढायला सांगा. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून तो दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला देऊ नका. मोत्यालाही ते मशीन नको. आणि जुन्या बंद कोंदणाच्या दागिन्यात खड्याखाली लाख असते, ते गरम पाण्यात बुडवू नका.

आणि सर्वांत सोपं. महिन्यातून एकदा अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा. खडा खुळखुळला तर ती काढून ठेवा. पदर किंवा लोकर अडकायला लागली तरी काढून ठेवा. वर्षातून एकदा सराफाकडे नखं तपासून घ्या. आपण लिफ्टचं मेंटेनन्स करतो, टाकी धुऊन घेतो, पण बोटातल्या वस्तूकडे तीस-तीस वर्षं बघत नाही. आणि कणीक मळताना अंगठी काढा. मात्र सिंकच्या कडेला ठेवू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही भाषण कराल!

आईंना जाऊन आता अकरा वर्षं झाली. पण आपला प्लंबर अजून तोच आहे. ए विंगमध्ये कुणाचंही सिंक उघडलं की वर येऊन बेल वाजवतो आणि हसत सांगतो, "काकू, आज पण नाय मिळाला." मी त्याला चहा देते. तो खडा काही शे रुपयांचाच होता, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. आज इथे मागे उभा राहून ऐकतोय, तेव्हा आता त्यालाही कळलं.

बघत राहा रे बाबा तरीसुद्धा.