माँ ब्लाँचे वाटाडे
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



युरोपातील आल्प्स पर्वतात फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमांवर माँ ब्लाँ, म्हणजे शुभ्र पर्वत, नावाचा गिरिसमूह आहे. त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ४८०८ मीटर उंच असून पायथ्याशी शामोनी हे गाव वसलेले आहे. शिखर चढणाऱ्या थोरांची कीर्ती ग्रंथांतून आढळते; आम्ही आज त्यांना वाट दाखविणाऱ्यांविषयी चार शब्द बोलणार आहोत.

१७६० साली जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी शिखराची वाट शोधून काढणारास बक्षीस जाहीर केले. अखेर ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे डॉक्टर पाकार आणि डोंगरातील स्फटिक शोधून विकणारा बाल्मा हे दोघे माथ्यावर पोहोचले. पुढच्याच वर्षी स्वतः सोस्यूर तेथे गेले व त्यांनी वायुभाराची मोजमापे घेतली. त्यांच्या दिमतीस अठरा वाटाडे होते, हे मात्र फारसे कोणी स्मरत नाही.

१८२० साली रशियाचे शास्त्रज्ञ डॉक्टर हामेल यांची तुकडी निघाली. हवा प्रतिकूल असताही चढाई पुढे चालू राहिली. हिमलोट कोसळला आणि तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गडप झाले. ज्यांच्यासाठी ते गेले होते, ती मंडळी वाचली. हिमनदी स्थिर दिसली तरी अत्यंत संथ गतीने वाहतच असते. ४१ वर्षांनी, १८६१ साली, बोसाँ हिमनदीने त्या अभाग्यांचे अवशेष आपल्या खालच्या टोकाशी आणून सोडले.

परंतु गावकऱ्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली नाही. १८२१ सालीच शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापिला. अपघातात सापडलेल्यांस व त्यांच्या कुटुंबांस साह्य मिळावे म्हणून निधी उभारला, आणि काम सर्वांस पाळीपाळीने मिळावे असा नियम केला. पुढे इंग्लिश गिर्यारोहकांनी या नियमाविरुद्ध तक्रार केली. कारण कठीण चढाईस हवा तो कुशल वाटाड्या निवडता येत नसे. आमच्या मते ही तक्रार रास्त होती. जेथे प्राणाशी गाठ आहे, तेथे पाळीपेक्षा योग्यताच पाहिली पाहिजे. पण निधीची गोष्ट निराळी. तेथे कुशल आणि सामान्य असा भेद करावयाचा नसतो. कारण मागे राहिलेल्या विधवेची चूल दोहोंच्याही घरी सारखीच विझते.

तो संघ आजही कार्य करीत आहे. आपल्या मुलांस माँ ब्लाँची उंची पाठ असेल, तर उत्तमच. परंतु त्या उंचीइतकेच १८२१ हे सालही त्यांनी ध्यानात ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.