मर्मर

इंग्रजीतला ‘मर्मर’ हा शब्द लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने आला. संस्कृतातही पानांची सळसळ म्हणजे ‘मर्मर’च. कानांनी टिपलेला नाद तोच!

इंग्रजीत मात्र माणसांची कुरकुरही या शब्दात शिरली. १६११ च्या इंग्रजी बायबलात वाळवंटातले भुकेले लोक मोझेसविरुद्ध ‘मर्मर’ करतात. १८१६ मध्ये लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. पुढे हृदयातल्या जादा आवाजालाही इंग्रज डॉक्टरांनी हेच नाव दिले. हा आवाज कधी निरुपद्रवी असतो, कधी झडप बिघडल्याची खूण. म्हणून डॉक्टर रोग्याला ‘गप्प बस’ म्हणत नाहीत, नीट कान लावून ऐकतात.

आपली ‘कुरकुर’ही नादातूनच जन्मली. घरातली असो वा गावातली, तिलाही असाच कान लावणारा कुणी हवा.