सापडलेला रुपया आणि सोपवलेला रुपया



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही संपाविषयी किंवा बोनसविषयी बोलू असे त्यांना वाटले असावे. आम्ही विषय कळवला अपहाराचा. चालक जरा गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही वकील नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि जुन्या बाजारात घेतलेल्या पिनल कोडच्या एका फाटक्या प्रतीवरून, शब्दकोश मांडीवर ठेवून. ते पुस्तक १८६० सालचे, मूळ मसुदा त्याहून जुना, मेकॉलेसाहेबांच्या कमिशनने १८३७ मध्ये तयार केलेला. साहेबाविषयी आम्हाला प्रेम असण्याचे कारण नाही; पण त्या पुस्तकात कलमाखाली जे दाखले दिले आहेत ते वाचताना आपल्या आळीतलीच माणसे दिसतात, हे कबूल केले पाहिजे.

कलम ४०३ चा दाखला घ्या. रस्त्यावर एक रुपया पडलेला दिसला, कोणाचा ते ठाऊक नाही, आपण उचलला. गुन्हा नाही. पण पाकीट सापडले, त्यात नोट आहे आणि वर नाव-पत्ता आहे. तरीही नोट खिशात घातली, तर गुन्हा झाला. तिसरा दाखला सर्वांत बारीक आहे. मौल्यवान अंगठी सापडली, मालक माहीत नाही, आणि शोध न करता ती लगेच विकून टाकली. हाही गुन्हाच. मालक माहीत नव्हता म्हणून भागत नाही; शोधण्याची रास्त खटपट केली का आणि रास्त वेळ थांबलात का, हे कायदा विचारतो. किती दिवस थांबणे रास्त, ते मात्र त्याने लिहून ठेवले नाही. रुपयाचे वेगळे, अंगठीचे वेगळे.

चोरीत आणि यात फरक एवढाच की, चोराची बुद्धी उचलतानाच फिरलेली असते. अपहारात वस्तू हाती येते ती सरळपणे, बुद्धी मागाहून फिरते. मित्राच्या घरचे पुस्तक वाचायला आणले तोवर ठीक. ते रद्दीत विकले की ठीक नाही. (आपल्या नगरवाचनालयाच्या ग्रंथपालांनी मान हलवलेली आम्हाला इथून दिसते आहे.)

आणि ज्याला धन्याने होऊन विश्वासाने सोपवले, त्याने ते गिळले तर तो न्यासभंग, कलम ४०५. हे अधिक जड. २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ही कलमे ३१४ आणि ३१६ झाली. साध्या अपहाराला पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंडही चाले. आता कमीत कमी सहा महिने कैद आणि शिवाय दंड. साध्या न्यासभंगाची वरची मर्यादा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. कारकून, नोकर, सरकारी अंमलदार यांना त्याहून जास्त.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. २०१६ साली एका कारखान्यातला आमचा सभासद बायकोच्या ऑपरेशनसाठी फंडातून उचल मागायला गेला. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा कपात होती : पंधरा हजारांवर बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये. फंडाच्या पासबुकात मात्र अकरा महिने कोरे. ऑपरेशन थांबणारे नव्हते. त्याने सावकाराकडून पैसे घेतले, आणि ते व्याज तो पुढे दोन वर्षे फेडत होता.

आम्ही चिठ्ठ्या घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "अहो, कंपनी मालकाची, तिजोरी मालकाची, त्यातून पैसा बाहेर गेलाच नाही. मग खाल्ला काय?" आम्हाला राग आला नाही, कारण मालकांचे वकीलही हेच बोलत. पैसा कामगाराच्या हाती आला नाही, मग त्याने सोपवला कधी? या युक्तिवादाला उत्तर म्हणून १९७३ साली कलम ४०५ ला स्पष्टीकरण जोडले गेले. मजुरीतून फंडाचा वाटा कापला, त्याच क्षणी तो मालकाकडे सोपवला असे धरायचे. आणि कायद्याप्रमाणे भरला नाही, तर अप्रामाणिकपणे वापरला असे धरायचे. १९७५ साली राज्य विमा योजनेच्या वर्गणीलाही हेच लागू झाले. नव्या संहितेतही दोन्ही स्पष्टीकरणे आहेत. मात्र हे कामगाराच्या वाट्यापुरते. मालकाने स्वतःचा वाटा बुडवला तर त्याला फंडाच्या कायद्याखाली वेगळी शिक्षा आहे. आम्ही ते स्पष्टीकरण हवालदारांपुढे ठेवले, फंडाच्या कचेरीतही अर्ज दिला. नोटीस गेली आणि पैसे भरले गेले. मालक आम्हाला म्हणाले, "बँकेचा हप्ता होता हो, तात्पुरते वापरले. बुडवणार थोडेच होतो?"

तात्पुरते! या शब्दासाठी आम्ही आज उभे आहोत. कलम ४०३ खाली स्पष्ट म्हटले आहे की, थोड्या काळापुरता अपहार हाही अपहारच. दाखला आहे सापडलेल्या सरकारी रोख्याचा : पुढे मालकाला परत करायचाच, अशा मनाने तो सावकारी पेढीवर तारण ठेवला, तरी गुन्हा.

मालकाला हे आम्ही फार तावातावाने ऐकवले. आणि चार वर्षांनी आमच्याच युनियनच्या वर्गणीत चाळीस हजारांची तूट निघाली. खजिनदार आमचे वीस वर्षांचे सोबती. संपात आमच्याबरोबर लाठी खाल्लेले. मुलीच्या लग्नात वापरले, दिवाळीनंतर भरणार होतो, असे त्यांनी स्वतःच सांगितले. तोच शब्द, तात्पुरते.

कार्यकारिणी रात्री दोनपर्यंत बसली. तरुण म्हणाले, फिर्याद द्या. मालकाला एक कायदा आणि आपल्या माणसाला दुसरा का? म्हातारे म्हणाले, घर उद्ध्वस्त होईल. पैसे परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही, फार तर शिक्षा ठरवताना कोर्ट ते पाहते, हे आम्हीच त्यांना समजावले. आणि मग फिर्याद न देण्याच्या बाजूने हात वर केला तोही आम्हीच. खजिनदारांना पदावरून काढले, हप्ते बांधून दिले, बँकेत दोन सह्या सुरू केल्या, दर तिमाहीचा हिशेब फळ्यावर लावू लागलो. दोन तरुण कार्यकर्ते त्या रात्रीनंतर युनियनमध्ये आले नाहीत. ते चुकले असे आम्हाला आजही म्हणवत नाही.

शेवटचा हप्ता आला त्या दिवशी नव्या खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडून विचारले, "हे कोणत्या खात्यात लिहू? देणगीत?" आम्ही म्हटले, देणगीत नाही. सभासदांचे पैसे परत आले, असे लिहा. त्यांनी तसे लिहिले.