कुंडी रिकामी दिसते म्हणून झाड मेलेलं नसतं

आजच्या भागात कोड कमी आणि माती जास्त आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा मजकूर.

वाकडमध्ये चौथ्या मजल्यावर आमची पूर्वेकडची बाल्कनी आहे, तिथे १४ कुंड्या. त्यातली एक माझ्यासाठी वेगळी, कारण तिच्यातला भुईचाफा आजीचा. संगमेश्वरजवळच्या आमच्या घराच्या परसात, न्हाणीच्या मागे तो होता. मार्च २०२१ मध्ये आजीने त्याचे कंद वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले. म्हणाली, "लाव आणि विसरून जा. तो आपला आपण येतो." त्याच डिसेंबरात आजी गेली. पुढच्या वर्षी परसात फरशी घातली आणि भुईचाफा उरला तो फक्त माझ्या कुंडीत.

ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. हे आलं-हळदीच्या कुळातलं झाड. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर येतात. वास तर विचारू नका! एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण मागून नवं येत राहतं. फुलांनंतर पानं येतात, वरून गडद ठिपक्यांची, खालून जांभळट. पावसाळाभर ती मस्त वाढतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात आणि वाळून जातात. मग मार्चपर्यंत कुंडीत नुसती माती.

आता माझा पराक्रम ऐका. २०२२ च्या दिवाळीत मी बाल्कनीत ऑटोमॅटिक पाण्याची सोय केली. प्रत्येक कुंडीत ओलाव्याचा सेन्सर, एक छोटा पंप. ओलावा ठरवलेल्या आकड्याखाली गेला की पंप सुरू. मोबाईलवर ग्राफ दिसायचा. दोन महिने मी तो ग्राफ सगळ्यांना दाखवत फिरलो.

कोडमध्ये बग नव्हता. चूक माझ्या समजुतीत होती. सेन्सरला माती कळते, झाड झोपलंय की जागं आहे हे कळत नाही. पानं असतात तेव्हा झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांवाटे हवेत सोडतं. पानंच नसली तर पाणी ओढणार कोण? ते मातीत साचून राहतं, मातीतली हवा निघून जाते, कंद गुदमरतो आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं.

फेब्रुवारीत कुंडीला वास यायला लागला. उकरलं तर कंदांचा लगदा. मी तिथेच बाल्कनीत बसून राहिलो. आई आली, काही बोलली नाही. तिने हात घातला आणि एकेक तुकडा दाबून बघायला लागली. शेवटी अंगठ्याएवढा एक तुकडा तिला घट्ट लागला. सडलेला भाग सुरीने कापला, राख लावली, चार दिवस सावलीत सुकवला आणि कोरड्या मातीत ठेवून दिला. जूनमध्ये एक पान आलं. एकच! २०२४ मध्ये फूल नाही, पानं चार. आणि एप्रिल २०२५ मध्ये सकाळी ब्रश करत बाल्कनीत आलो, तर मातीतून फूल वर आलेलं. मी आधी आईला हाक मारली, फोटो नंतर काढला.

तेव्हापासून मी जे पाळतो ते सांगतो.

एक, दाबून बघा. कंद घट्ट म्हणजे जिवंत, मऊ आणि वास येणारा म्हणजे गेला. खोडाच्या झाडाचं, म्हणजे तुळस-जास्वंदीचं, खोड नखाने हलकं खरवडा. आत हिरवं दिसलं तर अजून आशा आहे.

दोन, पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करा, वाळली की बंद. कुंडी सावलीत सरकवा. वर टोकदार कोंब दिसला की थोडं थोडं पाणी सुरू.

तीन, कुंडीवर पट्टी चिकटवा: "झोपलंय, टाकू नका." थट्टा नाही, आमच्या शेजारच्या काकूंनी कळलावीची कुंडी अशीच रिकामी समजून ओतून टाकली होती. कळलावीसुद्धा पावसाळ्यानंतर जमिनीत जाते. ती लावणार असाल तर लक्षात ठेवा, तिचा कंद आणि बाकीचे सगळे भाग विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर नकोच.

हळद, रानहळद, भुईचाफा, कळलावी, सगळ्यांची हीच तऱ्हा. आपल्याकडे पाऊस चार महिने, मग लांबलचक कोरडा काळ. एप्रिलमध्ये कासच्या पठारावर गेलात तर करपलेलं गवत आणि कातळ दिसेल, पण पावसाळ्यात फुलणाऱ्या कितीतरी झाडांचे कंद तेव्हा मातीत जिवंत असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम क्रॅश झालेली नाही, स्लीप मोडमध्ये आहे.

पंप अजून आहे, बरं का. फक्त त्या एका कुंडीची नळी काढून टाकली. तिला पाणी मीच घालतो, आणि नोव्हेंबर ते मार्च घालत नाही. ते जास्त अवघड आहे!

तुमच्या घरी अशी कुणाची आठवण असलेली कुंडी आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि आज एखादी रिकामी कुंडी ओतणार असाल, तर आधी माती उकरून बघा. भेटूया!