मुलांचे श्वास मोजावयास शिका

(पारशिवनी येथें पालकांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आज मुलांच्या हजेरीविषयीं बोलावें अशी अध्यक्षांची सूचना आहे. मी हजेरीविषयींच बोलणार आहें. पण जीं मुलें शाळेच्या पटावर नांव चढण्यापूर्वींच जगांतून जातात, त्यांच्या कायमच्या गैरहजेरीविषयीं.

2022 सालीं साऱ्या जगांत सुमारें 49 लक्ष मुलें पांच वर्षांचीं होण्याच्या आंत दगावलीं. त्यांपैकीं सुमारें 23 लक्ष पहिल्या महिन्यांतच गेलीं. हीं मुलें बहुतेक आफ्रिकेंतलीं व आपल्या दक्षिण आशियांतलीं. म्हणजे गरिबांचीं, कष्टकऱ्यांचीं.

मूल गेलें कीं आपण म्हणतों, सटवीनें कपाळीं एवढेंच लिहिलें होतें. ठीक आहे, सटवीचाच हिशेब तपासूं. 2020 सालच्या सरकारी नमुना-नोंदणीप्रमाणें हजार जन्मांमागें वर्षाच्या आंत केरळांत 6 बाळें गेलीं, महाराष्ट्रांत 16 आणि मध्य प्रदेशांत 43. आपल्या पेंचचें रान ओलांडलें कीं मध्य प्रदेश लागतो. मग सटवी काय हद्दीचा दगड पाहून लेखणी चालविते? नाहीं. हें लिखाण माणसांचें आहे. तें उपासमारीचें, अज्ञानाचें आणि हयगयीचें आहे. माणसांनीं लिहिलेलें माणसांना पुसतां येतें.

तें पुसलें गेल्याचा दाखला दूरचा नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथें मुलें मुख्यतः न्यूमोनियानें मरतात असें त्यांना दिसलें. न्यूमोनिया ओळखावा कसा? श्वास मोजून. पण ज्या सुइणीला मोजणी येत नाहीं तिनें काय करावें? तिच्यासाठीं त्यांनीं एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मणी असें सुटसुटीत साधन केलें. पुढें 39 गांवांत तिथल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकविलें. त्या घरोघर जाऊन बाळाचें वजन करीत, त्याला ऊब देत, श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देत आणि जंतुदोष ओळखून औषध व सुईसुद्धां देत. तिसऱ्या वर्षीं, इतर गांवांच्या मानानें, पहिल्या महिन्यांतले मृत्यु 62 टक्क्यांनीं घटले. 1999 सालीं हें ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यक-पत्रांत छापून आलें. 2011 पासून हीच रीत सरकारनें देशभर आशाताईंच्या हातीं दिली.

ज्या बायांना ‘तुम्हांला काय कळतें’ म्हणून आजवर गप्प बसविलें, त्यांनींच हें करून दाखविलें, हें लक्षांत ठेवा.

तेव्हां आपणही ही विद्या घेऊं. बाळ शांत असतांना पोटाकडे पाहून पुरें एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतल्या बाळाचे 60 किंवा अधिक, वर्षाच्या आंतल्याचे 50 किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, तर तो धोका समजावा. बरगड्यांखालीं खळगा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब नको. अशा वेळीं अंगारा नको, पोटावर डागण्या नकोत; तडक दवाखाना गांठा.

हगवण लागली तर पाणी बंद करूं नका. दवाखान्यांतली क्षारांची पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. चमचा चहाचा घ्या. 1971 सालीं बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं बनगांवच्या छावणींत असल्याच साध्या पाण्यावर असंख्य जीव वांचविले. आईचा पहिला चीक फेकूं नका. तोच बाळाचा पहिला रक्षक. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय कांहीं नको, मध नको, गुळाचें पाणीही नको.

आतां पुरुषांना दोन शब्द. बाळ अशक्त निपजलें कीं आपण आईला बोल लावतों. पण कोवळ्या वयांत तिचें लग्न कोणीं लावलें? दिवस भरत आले तरी रोवणीला, कापूस वेचायला तिला कोणीं पाठविलें? सगळ्यांच्या मागून उरलेलें तिनें खावें, ही रीत कोणाच्या सोयीची? बारशाच्या पंगतीला कर्ज निघतें, पण गरोदर बाईच्या ताटांत डाळ, अंडें, पालेभाजी वाढतांना हात आंखडतो. भुकेल्या आईचें बाळ हलकेंच निपजणार. त्यांत सटवीचा काय दोष?

जोतीराव व सावित्रीबाई यांनीं 1863 सालीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. तेथें जन्मलेला यशवंत त्यांचा दत्तक पुत्र झाला व पुढें डॉक्टर होऊन 1897 च्या प्लेगांत रोग्यांच्या सेवेला उभा राहिला. वांचलेलें एक मूल किती जणांच्या उपयोगीं पडतें, तें पहा.

माझी मागणी थोडी आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं बाळ पाहावयास येते. तिला उंबऱ्यावरून परत लावूं नका, आणि ती आली नाहीं तर ग्रामसभेंत उभे राहून कारण विचारा. मी वरच्या वर्गांतल्या मुलामुलींना घड्याळ लावून श्वास मोजावयास शिकवितों. तीं घरीं येऊन धाकट्या भावंडाचे श्वास मोजूं लागलीं, तर त्यांना हंसूं नका. त्यांचा आंकडा ऐका. शाळेंत शिकलेल्या अंकगणिताचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाहीं.