पाऊल आणि प्रणाम



लांब पल्ल्याच्या धावण्याने मनुष्याची श्रद्धा सखोल होते, असे पुष्कळ धावपटू सांगतात. श्वासाला लय येते, मनातील कोलाहल शमतो आणि एक विलक्षण प्रसन्नता लाभते, हा त्यांचा अनुभव खोटा मानण्याचे कारण नाही. तथापि प्रसन्नता म्हणजे श्रद्धा नव्हे. प्रसन्नता थोड्या वेळाने ओसरते, आणि ती ओसरल्यावरच श्रद्धेची खरी कसोटी लागते. मग धावणे आणि श्रद्धा यांचा संबंध नेमका कोणता? या प्रश्नाचा विचार करताना जपानमधील एका पर्वताकडे वळणे उपयुक्त ठरेल.

क्योतो नगराच्या ईशान्येस हिएई नावाचा पर्वत आहे. इ. स. ७८८ मध्ये साइचो या भिक्षूने तेथे एक लहानसे मंदिर उभारले. तेच पुढे एन्र्याकुजी या नावाने तेन्दाई बौद्ध पंथाचे मुख्य पीठ झाले. नवव्या शतकात सो-ओ नावाच्या भिक्षूने या पर्वतावर एका साधनेचा पाया घातला, असे परंपरा मानते. तिचे नाव काइहोग्यो, म्हणजेच पर्वतपरिक्रमेची साधना. ती सात वर्षांत एक हजार दिवस करावयाची असते. पहिली तीन वर्षे दर वर्षी शंभर दिवस, त्यानंतरची दोन वर्षे दर वर्षी दोनशे दिवस, आणि रोजची मजल सुमारे तीस किलोमीटर. सहाव्या वर्षी शंभर दिवस सुमारे साठ किलोमीटर चालावे लागते. सातव्या वर्षीचे पहिले शंभर दिवस क्योतो नगरासह चौऱ्याऐंशी किलोमीटरांचे असतात, आणि अखेरचे शंभर दिवस पुन्हा तीस किलोमीटरांचे. एकूण अंतर पृथ्वीच्या परिघाच्या जवळपास जाते. खरे पाहता हे भिक्षू धावण्यापेक्षा झपाझप चालतात. तरीही अंतराचे आणि वेळेचे गणित असे कठोर आहे की जगाने त्यांना ‘मॅरेथॉन भिक्षू’ हेच नाव दिले.

मध्यरात्र उलटून गेल्यावर साधक निघतो. अंगावर पांढरी वस्त्रे, पायांत गवताची पादत्राणे. जपानमध्ये पांढरा हा मृताला नेसवावयाच्या वस्त्रांचा रंग. कमरेला दोरी आणि सुरी असते. पहिल्या शंभर दिवसांनंतर ज्याने पूर्ण व्रत अंगीकारले, त्याने ते अपुरे राहिल्यास प्राणत्याग करावा, असा जुना दंडक आहे, आणि ही दोन साधने त्याची आठवण देतात. मानवी जीवनाचे मोल जाणणाऱ्या कोणालाही हा दंडक अस्वस्थ करील, आणि ती अस्वस्थता योग्यच आहे. मात्र त्यामागील हेतू समजून घेतला पाहिजे. ज्याने मागे फिरण्याची वाट स्वतःच बंद केली आहे, त्याला ‘आज जावे की न जावे’ हा विचार रोज नव्याने करावा लागत नाही. पाऊस, ताप, सुजलेले गुडघे यांपैकी कशाचाही कौल घेतला जात नाही. श्रद्धा येथे भावना राहत नाही. ती रात्री उठण्याची रीत होऊन बसते.

परंतु केवळ निर्धाराने श्रद्धा वाढत असती, तर प्रत्येक विक्रमवीर संत झाला असता. सोशिकपणातून अहंकारही पोसला जातो, हा या मार्गावरील खरा धोका. हिएईच्या साधनेने त्यावर एक साधा उपाय योजला आहे. तो म्हणजे थांबणे. रोजच्या वाटेवर सुमारे दोनशे साठ ठिकाणी भिक्षू थांबतो, हात जोडतो आणि मंत्र म्हणतो. यांत मंदिरे आहेत, तसेच वृक्ष, शिळा आणि झरेही आहेत. वेगाची लय जमते न जमते तोच ती मोडावी लागते. आपल्या चालण्याच्या नशेत साधकाला रमूच द्यावयाचे नाही, असा जणू हा बेत आहे.

या प्रणामाचे मूळ भारतीय वाचकाला परके वाटू नये. ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्रात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची कथा आहे. भेटेल त्या प्रत्येकाला तो वंदन करी, आणि तुम्ही सारे एक दिवस बुद्ध होणार आहात, असे सांगे. लोक चिडून त्याला काठ्यांनी आणि दगडांनी मारीत. तेव्हा तो पळत दूर जाई आणि तेथूनही तेच सांगत राही. सो-ओने याच कथेपासून प्रेरणा घेतली, असे म्हणतात. हिएईचा भिक्षू हा त्याचा वारसदार होय.

सातशे दिवस पूर्ण झाल्यावर साधनेतील सर्वांत भयंकर टप्पा येतो. नऊ दिवस अन्न नाही, पाणी नाही, निद्रा नाही, आडवे होणे नाही. केवळ अचलनाथाचा, म्हणजेच जपानी फुदो म्यो-ओचा, जप. या काळात दररोज रात्री तो विहिरीवर जाऊन देवासाठी पाणी आणतो. स्वतःचे ओठ कोरडे असताना भरलेले पात्र दुसऱ्यासाठी वाहून नेणे, यात या साधनेचा सारा अर्थ सामावला आहे. कारण यानंतरची साधना स्वतःच्या मुक्तीसाठी नसून लोकांसाठी मानली जाते. सातव्या वर्षी भिक्षू क्योतोच्या रस्त्यांतून जातो, तेव्हा दुतर्फा बसलेल्या लोकांच्या मस्तकांना जपमाळेने स्पर्श करीत जातो.

साकाई यूसाई यांचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. १९२६ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी तारुण्यात महायुद्ध पाहिले; पुढे उद्योगधंद्यांत अपयश आले आणि पत्नीचा अकाली मृत्यू सोसावा लागला. चाळिशीच्या सुमारास ते हिएईवर भिक्षू झाले. १९८० मध्ये त्यांनी हजार दिवस पूर्ण केले आणि थोड्याच अवधीत पुन्हा प्रारंभ करून १९८७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, दुसरे सहस्रदिन संपविले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. पहिल्याने न मिळालेले काही दुसऱ्याने मिळवावे, असा हा हव्यास असेल काय? दुसऱ्या फेरीतही वाट तीच, झरे तेच, प्रणामही तेच होते. जिंकण्यासारखे तेथे काही उरले नव्हते. उरले होते ते केवळ पुन्हा निघणे.

सामान्य माणसाने हिएईचे अनुकरण करावे, असे येथे सुचवावयाचे नाही. त्या पर्वतावरही शंभर दिवसांवर थांबणारे भिक्षू असतात, आणि त्यांची साधना खोटी ठरत नाही. पहाटे दोन कोस धावणाऱ्या मनुष्यानेही इतके पाहावे की आपले पाऊल कोठे थांबते आणि कोणापुढे वाकते. अंतर माणसाला थकविते, आणि थकलेल्या माणसाचा ताठा थोडा सैल होतो. तेवढ्या अवकाशात तो वाटेवरच्या झाडाला, झाडूवाल्याला, दूध घेऊन चाललेल्या मुलाला मनोमन हात जोडू शकला, तर त्याच्या धावण्याने त्याच्या श्रद्धेला काही दिले, असे खुशाल म्हणावे. एरवी तो घरी परतेल, तो अधिक चपळ होऊन. पण होता तेवढाच एकटा.